कासिल्दाच्या नावाचा घोट

रविवार, १६ नोव्हेंबर

कोमाद्रे देल्मिरा,

मी मेले, हे मला काल दुपारी कळलं.

तू घाबरू नयेस म्हणून आधीच सांगते, हे पत्र माझ्याच हातचं आहे. अंगणातल्या बाकावर बसून लिहिते आहे आणि तांबडी कोंबडी मांडीवर चढून बसली आहे. मेलेल्या बायकांना कोंबड्या एवढा त्रास देत नसाव्यात. फोनवर तू मला कधीचंच ब्लॉक करून टाकलंस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. मिनीबसवाला रोके शहरात येतोच, तो तुझ्या हातात देईल.

झालं असं. जेवणं होऊन सगळं गाव आडवं झालेलं, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. सुक्रेच्या एर्सिलियाबाई आठवतात? चार वर्षांपूर्वी तुझ्या गाडीतून आठ जणांत आल्या होत्या आणि माझी वाइन पिऊन बुटांसकट द्राक्षं तुडवायच्या हौदात उतरल्या होत्या. त्याच. आता डोक्याला काळा रुमाल आणि हातात पांढऱ्या कार्नेशनचा गुच्छ. मी फाटक उघडलं, तर त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"तुम्ही... तुम्ही त्यांच्या बहीण का हो?"

"कुणाच्या?"

"कासिल्दाबाईंच्या. फार वाईट झालं. मला उशिराच कळलं."

"मलाही," मी म्हटलं.

त्यांना आत घेतलं, आधी पाणी दिलं, मीच कासिल्दा म्हणून सांगितलं आणि मग वाइन दिली. हळूहळू सगळं बाहेर आलं. या आठवड्यात त्या सुनेला घेऊन पुन्हा तुझ्या सहलीला आल्या. तीन बागा झाल्या, जेवण झालं, आणि शेवटचा पेला माझ्या अंगणात मिळेल म्हणून वाट बघत राहिल्या, तर गाडी नदीपलीकडच्या मोठ्या वाइनरीत शिरली. त्यांनी माझी चौकशी केली. तू मान खाली घातलीस आणि सांगितलंस, छातीचं दुखणं होतं, दोन हिवाळे झाले. झोपेतच गेली, त्रास झाला नाही.

एवढी मेहेरबानी केलीस त्याबद्दल आभारी आहे.

दारात फुलं ठेवायची म्हणून त्यांनी पत्ता विचारला, तर तू म्हणालीस, ते घर बंद असतं, जाऊ नका. तरी बाई आल्या. फुलं मी सुरईत ठेवली आहेत. माझीच ना ती. सेनोन कालव्याचं पाणी वळवून परत आला, सगळं ऐकून घेतलं, आणि जेवायला बसल्यावर म्हणतो, "मेलेल्या बायकोच्या हातचं सूप काही वाईट लागत नाही. मीठ जरा कमी पडलंय." आम्ही हसलो. मग तो हसायचा थांबला आणि मी चुलीकडे बघत बसले.

दोन आठवड्यांपूर्वीच मृतांचा दिवस होऊन गेला. मग माझ्या नावाने ताट का नाही मांडलंस, देल्मिरा? मला काय आवडतं ते तुला तोंडपाठ आहे. पाकातले रोस्केते, बकरीचं चीज आणि अर्धा पेला वाइन, अर्धा पेला सोडा. मारायचंच होतं तर रीतीने मारायचं.

सतराव्या वर्षी कार्निव्हलआधीच्या, कोमाद्रेसच्या गुरुवारी तू पहिली टोपली घेऊन माझ्या दारात आलीस. आतल्या काकड्यांवर तू रंगीत कागदाच्या फिती गुंडाळल्या होत्यास. तेव्हापासून आपण कोमाद्रे, देवासमोर आणि गावासमोर बहिणी. एक वर्ष तुझी टोपली, एक वर्ष माझी. मग तुझ्या मामाची ती मोडकी गाडी आली. तुझ्याकडे गाडी होती आणि माझ्याकडे आजीची वेल, मोये झाडाच्या शेंड्यापर्यंत चढलेली. तू पाहुणे आणायचीस, मी त्यांना वेलीखाली बसवायची, एकच पेला सगळ्यांत फिरवायची. सहलीत दुसरं काही नव्हतंच तेव्हा. तुला तेव्हा द्राक्षांच्या जातीही सांगता यायच्या नाहीत. मी सांगायची आणि तू गाडीत बसून पाठ करायचीस.

मागच्या वर्षी तोडणी उरकल्यावर तू म्हणालीस, "रस्ता पार उखडलाय, टायर फाटतात. पाऊस संपला की येऊ." मी विश्वास ठेवला. अजूनही दर शनिवारी अंगण झाडते, पण ते तुझ्यासाठी नाही, कोंबड्या घाण करतात म्हणून. बाकही सावलीत ओढते, कारण लाकूड उन्हाने तडकतं.

मला काय हवं आहे ते सांगते. पाहुणे नकोत, गाडी नको. येत्या शनिवारी तुझ्या त्या आठ जणांसमोर उभी राहा आणि म्हण, कासिल्दा जिवंत आहे. तुझ्या तोंडून हवं आहे, दुसऱ्या कुणाच्या नको.

अजून तरी तुझी कोमाद्रे,
कासिल्दा

सोमवार, ८ डिसेंबर

देल्मिरा,

उत्तर नाही. रोके सांगतो की तू त्याच्यासमोरच पत्र वाचलंस, घडी करून खिशात घातलंस आणि त्याला विचारलंस, "रस्ता कसा आहे तिकडचा?" रस्ता चांगला आहे, देल्मिरा. मागच्या वर्षीच नवा झाला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मी मुद्दाम बघायला गेले. परवा शनिवारी मी त्या वाइनरीत होते. माझी चुलत बहीण तोमासा तिथल्या स्वयंपाकघरात आहे, हे तू विसरलीस. मागच्या दाराने गेले, तर ती पाहुण्यांच्या साइसे रश्श्यासाठी कांद्याच्या ढिगामागे बसलेली.

"मेलेल्यांनी कांदे चिरायचे नसतात," ती म्हणाली, "पण आलीच आहेस तर घे सुरी."

"तुला ठाऊक होतं?"

"इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मालकाने अट घातली होती, शेवटचा पेला आमच्याच अंगणात पाहिजे. हिने हो म्हटलं. पण पाहुणे ऐकतात होय? 'त्या झाडाखालच्या बाईकडे कधी जायचं? आम्हाला मावशीने सांगितलंय, काकाने सांगितलंय.' आता जिवंत माणसाकडे नेत नाही म्हटलं की लोक विचारतात, का? मेलेल्याबद्दल कोण विचारतो?"

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

तोमासाने पुढचा कांदा घेतला. "मला वाटलं, ती सांगेल. तुमचं दोघींचं आहे. मध्ये कोण पडणार?"

तेवढ्यात तुझी गाडी आली. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते. आधी तुला पाहिलं नाही, आधी तिला पाहिलं. अंगणातल्या मोयेच्या पहिल्या बेचक्यापर्यंत ती चढली होती, माझी वेल. पानाचा देठ लाल, पानाखाली कापसासारखी लव, कडेला ते वाकडे दात. अशी वेल या अख्ख्या खोऱ्यात दुसरी नाही. मी स्वतः तिचं दाबकलम केलं होतं, दीड वर्ष सांभाळलं आणि मागच्याच्या मागच्या कोमाद्रेसला तुझ्या टोपलीत घातलं होतं, कारण गारांनी तुझं परसू धुऊन नेलं होतं आणि तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली होतीस, "माझ्याकडे आता हिरवं असं काही उरलं नाही, कासी." त्याआधी मी ती कुणालाही दिली नव्हती, सख्ख्या भावालाही नाही. मला वाटत होतं ती तुझ्या परसात आहे. तू ती त्यांना नेऊन दिलीस.

मग तू बोलायला लागलीस. तुझ्याभोवती आठ जण, आणि आवाज माझा! "आमच्या आजीने ही वेल लग्न होऊन येताना सिंतीच्या दरीतून आणली. चार दिवस खेचरावर. काडी सुकू नये म्हणून बटाट्यात खोचली होती. दारात सासूने विचारलं, काय आणलंस गं? आजी म्हणाली, एक जेवण आणि एक पेला वाइन, पण वाइनला जरा वेळ लागेल." आणि तिथे थांबलीस, जिथे मी थांबते. लोक हसले, जिथे माझ्याकडे हसायचे.

आमच्या आजीने! तुझी आजी सीमेपलीकडून ट्रकमध्ये बसून आली, शिवणयंत्र घेऊन, आणि वाइनच्या वासानेसुद्धा तिचं डोकं दुखायचं.

मग तू पेला भरलास. पहिला घोट जमिनीचा, तो सांडलास. आणि दुसरा सांडलास, "हा माझ्या कोमाद्रेचा. कासिल्दाचा. जाताना ही वेल माझ्या हवाली करून गेली." आणि तू रडलीस. तू खोटं रडली असतीस, तर मी खिडकीतून कांदा मारला असता, नेम धरून. पण तुझा खालचा ओठ वाकडा झाला, जसा तुझी आई गेली तेव्हा झाला होता. तू खरं रडत होतीस. माझ्यासाठी असं रडणारं माणूस मला जिवंतपणी मिळालं नाही, देल्मिरा, आणि मिळालं ते मला पुरून मोकळं झालेलं.

केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या खिडकीत कळलं.

मी बाहेर का आले नाही, असं तोमासा विचारत होती. हात कांद्याचे होते, म्हणून नाही आले. घरी येताना पुलावर थोडा वेळ बसले. वारा होता आणि डोळ्यांत धूळ गेली होती.

पुढच्या शनिवारी तरी म्हण.

कासिल्दा

सोमवार, १९ जानेवारी

देल्मिरा,

तू म्हटलं नाहीस. तोमासा प्रत्येक शनिवारी मला कळवते. अजून मी मेलेलीच आहे, आणि आता म्हणे मी मरताना तुझा हातही धरला होता.

आज मी भांडायला लिहीत नाही. एक बातमी आहे, ती तुला दुसऱ्याकडून कळावी असं मला वाटत नाही.

वेल गेली.

वर्षाच्या पहिल्या आठवड्यात दुपारी गारा सुरू झाल्या. सेनोनने अंगणात राखेचा क्रूस काढला, मी झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादाची झावळी जाळली, आणि खरोखर गारा थांबल्या. आम्ही दोघं दारात उभं राहून हसलो. "बघ, तुला देवही घाबरतो," सेनोन म्हणाला. आणि तेवढ्यात वरच्या घळीतून आवाज आला. पाण्याचा नव्हे, दगडांचा. चिखलाचा लोंढा आला आणि मागचा काठच घेऊन गेला. काठाबरोबर भिंत गेली, आणि भिंतीबरोबर मोये. झाड उभंच्या उभं सरकत गेलं, देल्मिरा, वेलीसकट, घडांसकट. घडांवर नुकता रंग चढला होता. मी ओरडलेसुद्धा नाही. कुणाला ओरडून सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी खाली वळणावर सापडलं. मुळ्या वर, धुऊन पांढऱ्या पडलेल्या. जेवढ्या हिरव्या काड्या हाताला लागल्या तेवढ्या तोडून आणल्या. निम्म्या ओल्या वाळूत रोवल्या. निम्म्या बटाट्यांत खोचल्या, आजीसारख्या. भर उन्हाळ्यात हिरव्या काडीला मूळ फुटत नाही, हे मला कळतं, हिवाळ्याची झोपलेली काडी लागते. तरी केलं. परवा बघितलं तर बटाट्यांना कोंब फुटले होते आणि काड्या सुकल्या होत्या. सेनोन म्हणाला, "बटाटे तरी लावू." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

म्हणजे आता त्या रक्ताची एकच उरली, आणि ती नदीपलीकडे उभी आहे.

टोपलीतून दिलेलं परत मागायचं नाही, हा नियम मला ठाऊक आहे. मागितलेलं बाटतं, आजी म्हणायची, आणि दिलेलंही बाटतं. म्हणून मी मागत नाही. फक्त सांगते आहे की वेल गेली. परवा त्या वाइनरीच्या मोठ्या फाटकापर्यंत गेले होते. पहारेकऱ्याने नाव विचारलं. कुठलं नाव सांगू? मी म्हटलं, रस्ता चुकले, आणि परत आले.

तुझ्या परसात असती तर भिंतीवरून हात घालून मी फांदी ओढून घेतली असती, आणि तू आतून ओरडली असतीस, "चोरटे, आधी आत येऊन काहीतरी खा!" तसं काही उरलं नाही.

कासिल्दा

मंगळवार, ३ फेब्रुवारी

देल्मिरा,

तू सेनोनला बाजारात गाठलंस, हे बरं केलंस. एकाला तरी तुझा आवाज ऐकू आला. मी त्याच्याकडून शब्दन्‌शब्द काढून घेतला.

"तिला सांग," तू म्हणालीस, "वेलीचं ऐकून मला रात्रभर झोप नाही."

"बरं."

"पण आत्ता हंगाम आहे. गाड्या भरलेल्या आहेत. मालक डोक्यावर बसलाय. कार्निव्हल होऊ दे, मग मी सगळं सरळ करते. तोवर तिला जरा गप्प बसायला सांग. आणि तिला काय हवंय ते विचार, मी पाठवते."

"तिला जिवंत व्हायचंय," सेनोन म्हणाला. माझा नवरा आयुष्यात कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा बोलतो.

"कार्निव्हलनंतर," तू म्हणालीस. आणि त्याच्या पिशवीत वाइनरीची महागडी बाटली घातलीस. ती मी कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली आहे, पत्रा उडू नये म्हणून.

येशू तिसऱ्या दिवशी उठला. मी मात्र कार्निव्हलची वाट बघायची!

गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणतात. मला वाटायचं ते बोलण्यापुरतं असतं. इथे वैद्याला मारून त्याच्या नावाने पेले विकले जातात, आणि वर वैद्यालाच सांगायचं, जरा हळू ओरड.

मागच्या कोमाद्रेसला तुझी टोपली टॅक्सीने आली होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दुकानातला केक, डब्यातले पीच. डब्यातले पीच, देल्मिरा, आपल्या खोऱ्यात, फेब्रुवारीत, झाडं पीचांनी वाकलेली असताना! तेव्हा मी सेनोनला म्हटलं, बिचारीला वेळ नसेल. आता हिशोब लागतो. शनिवारी माझ्या नावाने रडायचीस आणि गुरुवारी मला टोपली पाठवलीस. त्या टॅक्सीवाल्याला काय सांगितलंस, कुणाच्या घरी जा म्हणून?

यंदा पाळी माझी आहे. तोमासा म्हणते जाऊ नकोस. सेनोन म्हणतो, त्या टोपलीतलं चीज आपणच खाऊ. पण मी एकही वर्ष पाळी चुकवलेली नाही, आणि मेले म्हणून चुकवणार नाही.

कासिल्दा

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

कोमाद्रे,

काल जे झालं ते तू पाहिलंस. तरी मी लिहिते, कारण तू त्याची पुढे काय गोष्ट करशील ते मला ठाऊक आहे. खरी कुठेतरी लिहिलेली असावी.

कोमाद्रेसच्या गुरुवारी टोपली घेतलेल्या बाईला कुणी फाटकावर अडवत नाही. पहारेकऱ्याने टोपी काढली, म्हणाला, "या, या, फुलराणी." कानामागे सब्ज्याची डहाळी होती, केसांत गुलाब. टोपलीत माझ्या हातचे रोस्केते, ताजं चीज, झाडावरचे पीच, काकड्या आणि रंगीत फिती. घड नव्हते, ते यंदा नाहीतच. आणि तळाला दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा, बुडाला भोकं पाडलेला, आमच्या तुटलेल्या काठाच्या मातीने भरलेला. जड होता. पुलावर दोनदा टेकावं लागलं.

तुम्ही वेलीखाली बसला होतात. पेला तुझ्या हातात होता, जमिनीचा घोट सांडून झाला होता. तू वर बघितलंस.

तुझ्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. तो मी पाहिला, देल्मिरा, तो तू नाकबूल करू शकणार नाहीस. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

"अरे वा, टोपली!" तो सांताक्रूसचा टकला गृहस्थ म्हणाला. "या कोण? तुमच्या कोमाद्रे?"

तू तोंड उघडलंस. मी थांबले. तुला दोन शब्द पुरे होते. ही कासिल्दा. वाइनरीचा मालक तिथे नव्हता, मी बघून ठेवलं होतं. होती ती फक्त आठ परकी माणसं, संध्याकाळी आपापल्या घरी जाणारी. त्यांच्यासमोर दोन शब्द.

"ही... कासिल्दाची बहीण," तू म्हणालीस.

सगळे उठून उभे राहिले. कोचाबाम्बाच्या त्या पोरीने मला मिठीच मारली, तिचे डोळे ओले होते. "आत्ताच ऐकलं तुमच्या ताईंबद्दल. किती मोठ्या मनाच्या होत्या."

"होती खरी," मी म्हटलं. "फक्त माणसं ओळखण्यात कच्ची."

लोकांना वाटलं मी गंमत करते आहे. तू मात्र टोपलीकडे बघत होतीस. मग टकल्याने पेला माझ्यापुढे धरला. म्हणाला, बहिणीनेच सांडावा. बरोबरच आहे, रीत तीच आहे. तुझ्या हाताने पेला भरला गेला आणि थोडा माझ्या मनगटावर सांडला. मी उभी राहिले आणि पहिला घोट जमिनीवर ओतला, कासिल्दाच्या नावाने. स्वतःच्याच नावाने. ऊन होतं, मातीने तो लगेच पिऊन टाकला. उरलेला मी प्यायले. त्या वाइनला लाकडाचा वास फार येतो.

तेव्हा मला राग आला नाही. आला तो नंतर पुलावर. तेव्हा फक्त वाटलं की आता खरंच कुणीतरी गेलं आणि आपण सगळे उगाच उभे आहोत.

पण मी ज्यासाठी आले होते ते राहिलं होतं. मी पाहुण्यांना विचारलं, "आमच्याकडे वेल कशी वाढवतात, दाखवू?" ते हो हो करत जवळ आले, फोन वर झाले. आता तू मला कशी थांबवणार होतीस? खालची एक लवचीक काडी वाकवली, नखाने जराशी साल खरवडली, आणि तुला म्हटलं, "डबा धर." तू धरलास. काडीचा बाक डब्यातल्या मातीत दाबला, शेंडा वर ठेवला, वरून दगड. "तोडायची नाही," मी त्यांना सांगितलं. "ती आईलाच धरून राहते, आईचंच पाणी पिते. डब्यात तिची स्वतःची मुळं फुटली की मग सोडवायची. याआधी तोडली तर दोन्हीकडची जाते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे तुझ्या सहलीत आता नेहमी दाखव, त्यांना आवडतं.

आपल्या दोघींची बोटं त्या मातीत होती. तू अगदी हळू म्हणालीस, "कार्निव्हलनंतर, कासी. खरंच."

मी दगड नीट बसवला आणि निघाले. मागून तो टकला विचारत होता, "यांचं नाव काय म्हणालात?" तू काय सांगितलंस ते ऐकायला मी थांबले नाही.

आता कामाचं. डब्यातली माती सुकू देऊ नकोस, पण चिखलही नको. हिवाळ्यात पानं झडतील, घाबरू नकोस, ती झोपलेली असते. छाटणीच्या माणसांना सांग, त्या काडीला हात लावायचा नाही. ऑगस्टमध्ये हळूच ओढून बघ, माती धरून राहिली तर मुळं आली. मग डब्यालगत तोड आणि सावलीत ठेव. हे सगळं तुला येतं, मीच शिकवलेलं आहे.

पुढच्या कोमाद्रेसला पाळी तुझी. टोपलीत काय घालायचं ते मी सांगणार नाही, मागितलेलं बाटतं. फक्त टॅक्सी नको. स्वतः ये, रस्ता चांगला आहे. आणि फाटकाबाहेरून माझ्या नावाने हाक मार, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

मी अंगण झाडून ठेवीन, कोंबड्या घाण करतात म्हणून.

आणि तू आली नाहीस, तर त्या दुपारी मी बाकावर बसून पेला भरेन आणि पहिला घोट जमिनीवर सांडेन, देल्मिराच्या नावाने. रडेनही, तुझ्यासारखीच, खरंखुरं.

कासिल्दाची बहीण